मशीनच्या खणातले पुडे

बाबा,

तुम्ही फिरायला गेलात आणि रिपोर्ट फोनवर आला. साखर आटोक्यात आहे! मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. तीन महिने तोंड वाकडं करत का होईना, पण तुम्ही कडधान्यं, पालेभाज्या आणि हातसडीचा भात खाल्लात, म्हणून हे झालं.

आता कान पकडते. तुम्ही दर शनिवारी बिस्किटांचा पुडा नेता, असं दुकानदाराने सांगितलं आणि काल मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. मला वाटलं, चोर सापडला.

मघाशी बटण लावायला सुई हवी होती, म्हणून तुमच्या शिलाई मशीनचा खण उघडला. आत क्रीमच्या बिस्किटांचे नऊ पुडे. एकही फोडलेला नाही. तुम्हाला तर क्रीम आवडतही नाही. आई होती तेव्हा तिलाच लागायचं ते, चहाबरोबर. एकदा तरी सांगायचंत!

मूग भिजलेत, तेवढे उपसून फडक्यात बांधा. पुडे होते तसेच ठेवलेत. येत्या शनिवारी दुकानात मीही येते तुमच्याबरोबर.

तुमची फौजदार