टाळी ऐकून येणारे मासे

तायडे,
शिव्या नंतर घाल, आधी नमस्कार घे. मी मजेत आहे.

बागेच्या तळ्यावर झाडलोटीचं काम मिळालंय. तळ्यात हातभर लांब वामी आणि मांडीएवढे कटले. आईच्या पायाची सूज उतरली का? हां, तर टाळी वाजली की पाव मिळतो, ही सवय कटल्यांना मीच लावली. आता गाळ काढायला तळं उपसतायत, मासे बाजारात जाणार. मुकादम म्हणाला, "जाळं लावलंय, तू टाळ्या वाजव. नाहीतर घरी जा."

ही तिसरी नोकरी, तायडे. टाळी वाजवली. वामी चिखलात दडल्या. कटले मात्र तोंडं उघडून माझ्याकडेच आले. उद्या उरलेल्यांना बोलवायचंय.

आईला सांग, काम हलकं आहे, नुसत्या टाळ्या वाजवायच्या.

तुझाच,
पायाला भिंगरी लावलेला