दोन क्रेडिटची रांगोळी

जूचंद्र, १८ जानेवारी २०२५

चि. क्षितिजास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ती बसायला तयार नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर आपण 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नाही, म्हणून.

मोठी बातमी अशी, की तुझा बाप कॉलेजात शिकवतो. आयटीआय झालेला, तीस वर्षं कंपनीत फिटर असलेला माणूस! विरारच्या एका कॉलेजात आता कॉमर्स-सायन्सच्या मुलांनाही एक कलाविषय घ्यावा लागतो. कोणी तबला घेतं, कोणी नाटक. रांगोळीसाठी बेचाळीस जणांनी नावं दिली, तेव्हा प्राचार्यबाई स्वतः आपल्या घरी आल्या. विषयाला दोन क्रेडिट आहेत. क्रेडिट म्हणजे काय ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण हजेरी मी घेतो आणि मुलं मला सर म्हणतात.

पहिल्या दिवशी शिपायाने मला मान द्यायचा म्हणून वर्गातले चारही पंखे लावले. तासभर चाळलेला रंग बेचाळीस डोक्यांवर. एक पोरगा म्हणाला, "सर, ही प्रॅक्टिकल की होळी?" तेव्हापासून पंखे बंद. घामाघूम होऊन मुलं चेहरे काढतात. ओठाखालच्या सावलीला चिमूट किती सैल सोडायची, यावर केमिस्ट्रीवाले माझ्याशी वाद घालतात. मला ते फार आवडतं.

त्यांच्यात गिरीज गावची प्रिन्सी आहे, बी.कॉम.ची. कपाळावरचा उजेड ती पांढरा न टाकता आणते, बाजूचा रंग विरळ करत. तू आणायचीस, अगदी तसा. ते पाहिलं आणि त्या दिवशी मला पुढे शिकवणं सुचेना.

आता तिला चित्रकलाच शिकायची आहे. मागच्या शुक्रवारी तिचे वडील सिप्रियनभाऊ केळीची वाडी सोडून थेट वर्गात आले. म्हणाले, "दोन क्रेडिट ठीक आहेत, सर. पण पोरीच्या डोक्यात भलतं भरू नका. तुमच्या मुलीला केलंत का रांगोळीवाली?"

मी म्हणालो, "तिला मीच अडवलं. खोटं बोलून."

सगळा वर्ग ऐकत होता. तुझ्याआधी त्यांना कळलं, हे चुकलंच.

बारावीनंतर मुंबईच्या कला महाविद्यालयाचा फॉर्म आणि चित्रांची गुंडाळी तू माझ्या हाती दिली होतीस. यादी पाहायलाही मीच गेलो आणि तुझं नाव लागलं नाही, असं येऊन सांगितलं. क्षितिजा, तो फॉर्म मी दिलाच नव्हता. फाटकासमोर उभा राहिलो आणि तसाच परत फिरलो. रांगोळीने मला नाव दिलं, पोट मात्र कंपनीने भरलं. तुझे तसे हाल नकोत, एवढंच डोक्यात होतं. तू इंजिनीयर झालीस, तेव्हा वाटलं, झाकलं गेलं. पण त्या दिवाळीपासून तू दारात रांगोळी घातली नाहीस. 'हात बसत नाही' म्हणायचीस. तू स्वतःला कच्ची समजत होतीस आणि मी समजू दिलं. तू कच्ची नव्हतीस. तुझं काम कोणी पाहिलंच नव्हतं.

माझं ऐकून सिप्रियनभाऊ जिना उतरले. थोड्या वेळाने परत आले, चपला बाहेर काढल्या आणि प्रिन्सीने काढलेल्या तिच्या आजीच्या चेहऱ्यापाशी उकिडवे बसले. हळूच विचारलं, "मायच्या नाकावरचा तीळ कशाने केलास?"

घरी हे सांगितलं तर तुझी आई एवढंच म्हणाली, "आता पोरीला पन खरा सांग."

नऊ फेब्रुवारीला, रविवारी, मुलांचं प्रदर्शन आहे. सभागृहात शिक्षकासाठी पाच फुटांची जागा राखलेली आहे. तिथे तू रांगोळी काढायला बसावंस, असं माझ्या मनात आहे. प्राचार्यबाईंनी नाव मागितलं, मी दिलेलं नाही. तुझ्यासाठी एकदा परस्पर ठरवलं, तेवढं पुरे. यायचं की नाही, माझ्याशी बोलायचं की नाही, तूच ठरव.

तुझ्या हाताचा मला तेव्हाही अभिमान होता. म्हणूनच घाबरलो होतो.

तुझे,
बाबा