कुंपणाबाहेरचे पाच फूट

रेवदंडा,
१२ फेब्रुवारी २०२४

चि. रुचितास अ. उ. आ.

फोन करत जाऊ नकोस. डावा कान गेलाच आहे, उजवाही त्याच वाटेला लागलाय. तू बोलतेस, मी नुसता हो हो करतो आणि मग तुझी काकू चिडते. त्यापेक्षा कागद बरा.

बातमी अशी, की जुनं घर उतरवून नवं बांधायचं ठरलं. पुढच्या भागात तुझी बायजाकाकू खानावळ काढणार. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं किल्ला बघतात आणि जेवायला अलिबागेला पळतात, हे तिला बारा वर्षं सलतंय. सहा बाकं टाकायची म्हणते. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. नाही कसं म्हणू?

तू आर्किटेक्टकडे नकाशे काढतेस, तेव्हा आमचाही काढ. माप मीच घेतलंय, कुंपणापासून कुंपणापर्यंत रुंदी चाळीस फूट. न्हावा शेव्याला तीस वर्षं कंटेनर मोजलेत, माझ्या टेपवर शंका नको. बावीस तारखेचा मुहूर्त आहे, पाया खणायला गडी सांगितलेत. परवानगीचं मागाहून बघू. गावात विचारतंय कोण?

म्हाताऱ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझा,
नामाकाका

•

अलिबाग,
१६ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. नामाकाकांस सा. न. वि. वि.

काका, आधी गडी थांबवा. नारळ फोडा, पूजा करा, पण कुदळ लावू नका. मंजुरीआधी पाया खणला तर नोटीस येईल आणि चढवलेल्या भिंती आपल्याच हातानं उतरवाव्या लागतील.

तुम्हाला वाटतं चूल ती चूल, पण कागदावर घराची चूल वेगळी आणि धंद्याची वेगळी. नुसत्या घराचा नकाशा मंजूर करून पुढे खानावळ थाटली, तर काकूला खानावळीचा परवानाच मिळायचा नाही. म्हणून अर्जात दोन्ही पहिल्यापासून लिहायचं. इमारतीच्या चारी बाजूंना जागा मोकळी सोडावी लागते. तुमच्या चाळीस फुटांतून ती वजा केली, तर सहाऐवजी चारच बाकं बसतात. काकूला एवढ्यात सांगू नका.

आणि रागावू नका, पण तुमची टेप चालत नाही. सरकारी मोजणीचा अर्ज भरून सोबत पाठवतेय, सही करून द्या. कुंपण म्हणजे हद्द नव्हे, हद्द दगडावरून ठरते.

लेकीचा आगाऊपणा पोटात घालावा, माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
रुचिता

•

रेवदंडा,
२० मे २०२४

चि. रुचितास अ. उ. आ.

तीन महिने वाट बघायला लावून मोजणीवाले एकदाचे आले. हद्दीचा दगड शेराच्या झाडांच्या कुंपणात नाहीच! कुंपणापलीकडे पाच फुटांवर, सोनूबाईच्या पायवाटेखाली सापडला. म्हणजे शेजारीण तीसेक वर्षं आपल्याच जागेतून रस्त्यावर जातेय आणि मला पत्ता नाही. तीस वर्षं कंटेनर मोजणारा मी! हसू नकोस. आता पंचेचाळीस फूट धर, सहा बाकं बसव आणि नकाशा पाठव.

एक गोष्ट मात्र झाली. दगड निघाला तेव्हा सोनूबाई दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं पातेलं परत देऊन गेली, रिकामं. आपल्याकडे शेजारचं भांडं कुणी रिकामं पाठवत नाही, निदान चार मिरच्या तरी घालतात. बायजा ते पातेलं हातात धरून बराच वेळ पडवीत बसली होती. जेवणात मीठ नव्हतं, मी वरून घालून घेतलं.

पण जागा आपली आहे की नाही, तूच सांग. पत्राला उशीर नको, काकाचा विसर नको.

तुझा,
नामाकाका

•

अलिबाग,
२७ मे २०२४

ती. स्व. नामाकाकांस सा. न. वि. वि.

जागा आपलीच, यात वाद नाही. तरी मी दोन नकाशे काढलेत. पहिल्यात पंचेचाळीस फूट धरलेत, सहा बाकं बसतात आणि वाट बंद होते. दुसऱ्यात वाट मोकळी दाखवलीय, बाकं चार.

दुसरा निवडलात तर एक ध्यानात ठेवा. आजवर ती वाट कुठल्याच कागदावर नव्हती. मंजूर नकाशात आली की ती कायमची राहिली. उद्या मन बदललं म्हणून भिंत घालता येणार नाही. कायदा मी सांगितला, पुढचं मला सांगता येत नाही. खानावळ काकूची आहे, तिलाच विचारा.

राग नसावा, जीव असावा.

आपली,
रुचिता

•

रेवदंडा,
२८ सप्टेंबर २०२४

चि. रुचितास अ. उ. आ.

मंजुरी आली. शिक्का तीनदा बघितला. पितृपक्ष संपला की दसऱ्याला कुदळ लावू.

कुठला नकाशा दिला हे तुला ठाऊकच आहे, पण का दिला ते लिहायचं राहिलं होतं. मी पहिल्यावर सही करायला बसलो होतो. बायजानं पेन काढून घेतलं. म्हणाली, तुम्ही कंटेनर मोजत होतात, घरात काय झालं ते तुम्हाला कुठून कळणार? मग वाट कशी पडली ते तिनं सांगितलं. सोनूबाईला भर पावसात कळा सुरू झाल्या होत्या. तिच्या नेहमीच्या वाटेवर खाजणात कमरेएवढं पाणी, डोली न्यायला दुसरी वाट नव्हती. माझ्या बापानं कोयता घेतला, कुंपण तोडून डोली काढली आणि पुढे नवीन शेर पाच फूट आत लावला. कुणाला बोलला नाही. मलासुद्धा नाही, याचं मला वाईट वाटलं. मग वाटलं, मला सांगितलं असतं तर मी टेप घेऊन उभा राहिलो असतो.

बायजा म्हणाली, मामंजींनी कोयत्यानं दिलं, आपण शिक्क्यानं देऊ. चार बाकांवर माणसं थांबून जेवतील.

मंजूर नकाशा आणि तेच पातेलं भरून घेऊन ती स्वतः सोनूबाईकडे गेली. वाचता दोघींनाही येत नाही. बायजानं वाटेच्या रेघेवर तिचं बोट धरून फिरवलं, रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत.

आज सकाळी आमचं पातेलं आलं. वालाचं बिरडं, काठोकाठ. तू येशील म्हणून अर्धं काढून ठेवलंय, लवकर ये.

तुझा,
नामाकाका