भोंग्यावर पाळत

८ जानेवारी १९५४
लढाईच्या वेळचा, हाताने फिरवायचा भोंगा अखेर आगीच्या बंबाच्या शेडमध्ये बसला. गंज मी आणि अण्णांनी खरवडला. अण्णा रेल्वे वर्कशॉपातून रिटायर झालेले. अक्षरं गिरवणं आणि पाना धरणं, दोन्ही मला त्यांनीच घरी शिकवलं. नगरपालिकेने ठरवलं आहे: सव्वीस तारखेला सकाळी, झेंडावंदनानंतर टेस्ट. भोंगा वाजला तर तो सांभाळायची नोकरी मला. नाही वाजला तर आईने विठ्ठलवाडीचं स्थळ हेरून ठेवलेलंच आहे.
शेडचा राखणदार काळुराम. त्याच्या पुतण्यालाही ही जागा हवी आहे म्हणे. लक्ष ठेवणे.

९ जानेवारी
वंगणाचा डबा काळुरामच्या ताब्यात. तेल काळंकुट्ट. आत काय मिसळलंय कोण जाणे. अण्णा म्हणाले, "अगं, वंगण काळंच असतं." अण्णा भोळे आहेत.
निश्चय: तेल घरचं. घाण्यावरचं शुद्ध खोबरेल, आम्ही केसांना लावतो तेच. रोज संध्याकाळी स्वतः घालायचं. कोणाला सांगायचं नाही, अण्णांनासुद्धा.

११ जानेवारी, दुपार
फिरवून पाहिला. काय ओरडला! शेजारच्या गोदाकाकूंची शेळी दावं तोडून स्टेशनकडे पळाली. शुद्ध तेलाचा गुण.

१२ जानेवारी, सकाळ
हँडल हलेना. काळुराम घोंगडी गुंडाळून बसलेला. म्हणतो कसा, "थंडी हाय गो बाय, त्यालापन उठावासा वाटत नाय." आणि हसला. चांगलं झापलं त्याला.
दुपारी बघते तर सुरळीत! म्हणजे घाबरून गुपचूप नीट केला.

१५ जानेवारी
हँडलला कुलूप घातलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात. धाकटी शालू म्हणाली, "ताई, मंगळसूत्राची सोय झाली की!" दुर्लक्ष केलं.

१६ जानेवारी
कुलूप शाबूत, आणि हँडल सकाळी घट्ट. त्याच्याकडे दुसरी किल्ली आहे.

१९ जानेवारी
काळुराम लग्नाला कोपरला गेला आहे. बरं झालं, आता दूध का दूध. सकाळी गेले तर घट्टच! म्हणजे साथीदार आहे. कोण? गोदाकाकूंना शेळीचा राग आहेच.

२१ जानेवारी
गारठा वाढला. आई ओरडते, "चित्रे, मला न्हायचंय. तेलाची बाटली जरा उन्हात ठेव, दगड झालाय नुसता." इथे एवढं कारस्थान शिजतंय आणि हिला बाटलीची पडलीय. शालूला ठेवायला सांगितली.

२५ जानेवारी, संध्याकाळ
उद्या टेस्ट. धोका नको. बाटली चुलीपाशी पातळ केली आणि सगळी भोंग्यात रिकामी केली. आता कोणी काहीही करो.

२६ जानेवारी
नगराध्यक्ष होते. शाळेची पोरं कानात बोटं घालून तयार. मी हँडल धरलं. हललं नाही. काळुराम धावत आला, दोघांनी जोर लावला. भोंग्याने एक ढेकर दिली. पोरं खिदळली. मग मात्र मी चारचौघांत सांगून टाकलं की हा सगळा ह्या माणसाचा डाव आहे.
काळुरामचं तोंड एवढंसं झालं. "मी तं नवस बोललो व्हतो गो, तुलाच जागा मिलावी म्हून."
उत्तम नट आहे.
अण्णांनी भोंग्याच्या आतून बोट फिरवलं. बोटाला पांढरं लागलं. वास घेतला. मग माझ्या वेणीकडे बघत राहिले.
दुपारी उन्हात भोंगा वाजला. काळुरामच्या पुतण्याने वाजवला. जागा त्यालाच. आता पुरावा आणखी काय हवा?

२८ जानेवारी
अण्णांनी भोंगा रॉकेलने धुऊन दिला. त्या लोकांना मदत करतात म्हणजे काय? त्यांच्यावरही लक्ष ठेवायला हवं.
विठ्ठलवाडीची मंडळी रविवारी मला बघायला येणार. आईने विचारलं, मुलीला काय काय येतं म्हणून सांगायचं? अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "पोहे सांग. फोडणीचं तेल मात्र तू घाल."
मंडळी दुपारी, ऊन चढल्यावर येतील म्हणे. सकाळी का नाही, ह्याची चौकशी करणे.