पागेच्या फरशीचा उतार

सर, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, पण आज तुम्ही असता तर आधी माझा कान पकडला असता आणि मग चहा पाजला असता. इथे जर्मनीत ब्राउनश्वाइगजवळच्या एका जमीनदाराच्या हवेलीची जुनी पागा सध्या माझ्याकडे दुरुस्तीला आहे. मालकीणबाईंना तिथे लग्नाचा हॉल करायचाय. काय देखणी आहे म्हणून सांगू! बिडाचे सडपातळ खांब, त्यांवर विटांच्या बसक्या कमानी, आणि घोड्यांच्या डोळ्यांत ऊन जाऊ नये म्हणून उंचावरच्या खिडक्या. मोजमाप मीच केलं. घोडे बांधायच्या ठाणांतली विटांची फरशी खचल्यासारखी वाटली, म्हणून चित्रात सपाट काढून मोकळी झाले. ते चित्र बघून सगळ्यांनी ठरवलं, फरशी उखडायची आणि काँक्रीट ओतायचं.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला तुम्ही मोजायला नेलेल्या त्या धर्मशाळेची झुकलेली भिंतही मी अशीच सरळ काढली होती. तुम्ही माझा कागद वर्गासमोर धरलात. "बाईसाहेब, भिंत दुरुस्त करायला तुम्हाला कोणी बोलावलं होतं? आहे तशी काढा, आणि मग ती तशी का आहे ते शोधा." सगळा वर्ग हसला. मी मात्र दोन दिवस तुमच्यावर फुगून बसले होते.

गेल्या आठवड्यात पागेत एक आजोबा आले, तिथल्या घोड्यांची निगा राखणारे शेवटचे मोतद्दार, ऐंशीच्या पुढचे. माझं चित्र बघितलं. बादलीभर पाणी आणलं आणि ठाणात ओतलं. पाणी सरसर मधल्या नालीत गेलं, विटांवर थेंबभरही थांबलं नाही.

"घोड्याचे खूर कोरडे राहायला हवेत ना," ते म्हणाले.

"म्हणजे उतार मुद्दाम दिलाय?"

"गेनाऊ! अगदी बरोबर!"

आज मंजुरीची बैठक होती. जुन्या वास्तू जपणाऱ्या देंकमालआम्टच्या बाई सही करणार, इतक्यात मी उठून म्हटलं, माझं चित्र चुकलंय, फरशी खचलेली नाही. मग मालकीणबाई म्हणाल्या, "आल्झो, मग पाहुण्यांची टेबलं डगमगणार!" आणि सगळे हसले. शेवटी ठरलं की फरशी राहील, लग्नापुरती तिच्यावर लाकडी फळ्यांची सपाट जमीन अंथरायची. इतका आनंद झाला सर, की येताना ट्राममध्ये एकटीच हसत होते.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार आहे, म्हणून खरं लिहिते. आठवडाभर मी ऑफिसात कोणाला काही बोलले नव्हते, आणि आजही गप्प राहायचं ठरवूनच गेले होते. पण कोणी बोलावलेलं नसताना ते आजोबा इस्त्रीचा कोट घालून पहिल्याच खुर्चीत येऊन बसले होते.