दोघी मिळून दीड

आई,

सोमवार, २ ऑक्टोबर १९९५, सकाळी सव्वासात. दुसऱ्या दिवशी दसरा. मला गांधी जयंतीची सुट्टी होती म्हणून जुनी साडी नेसून मी फुलबाजारात आपल्या जागेवर येऊन बसले होते. झेंडूच्या ढिगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला धाकटी, मध्ये तू. तोरणांसाठी गिऱ्हाइकं ताटकळली होती. त्यातला एक जण म्हणाला, "मावशी, दोन-दोन लेकी बसवल्यात, तरी एवढा उशीर?" त्यावर तू मानही वर न करता म्हणालीस, "दोन कुठं? ह्या दोघी मिळून दीड हायेत." सगळे खो-खो हसले. तूही हसलीस. मी शेहेचाळीस वर्षांची, ऑफिसात माझ्या टेबलासमोर माणसं उभी राहत, आणि तू मला भर बाजारात अपूर्णांकात काढलंस.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या की तक्रार करायची तर लेखी करावी, तारीख-वेळ घालावी आणि रडू नये. म्हणून हे असं लिहिते आहे. माझी तक्रार दीड म्हणालीस एवढीच नाही. एक कोण आणि अर्धी कोण, ते तू सांगितलं नाहीस. मला वाटायचं, अर्धी मीच. 'पेन धरायची बोटं ही, सुईला कशी वळणार' असं तू मला लहानपणापासून ऐकवत आलीस. धाकटीला वाटायचं, अर्धी ती, कारण मोठीला मिशनच्या शाळेत घातलं आणि तिला मळ्यात ठेवलं. तुझ्यामागे आम्ही दोघींनी यावर इतकी भांडणं केली आहेत की शेजारचे टीव्ही बंद करून ऐकत असतील.

धाकटी आता माझ्याकडेच असते, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये. तिची लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचा कॉम्प्युटर आमच्या हॉलमध्ये ठेवून गेली. आम्ही दोघी त्यावर गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळतो. हसू नकोस. धाकटी गाडी तशीच चालवते जशी तू रिक्षावाल्याशी भांडायचीस, ब्रेक म्हणून नाही. चित्र अडखळतं अशी तिची सारखी कुरकुर. म्हणून उन्हाळ्यात लेक आली तेव्हा नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन आली. कॉम्प्युटरमध्ये हे कार्ड चित्रं काढतं. गेम हलता दिसावा म्हणून सेकंदाला कितीतरी चित्रं काढावी लागतात. ह्या कार्डावर चित्रं काढणाऱ्या चिप्स एक नाही, दोन होत्या. एक चित्र पहिलीनं काढायचं, पुढचं दुसरीनं. विटेएवढं जड कार्ड, आणि पंखा असा घोंघावतो की धाकटी म्हणाली, "ह्याच्यावर पापड वाळतील."

"मावशी, डबल पॉवर," भाची म्हणाली. खोक्यावरही तसंच छापलेलं.

आता मी काही छापलेल्यावर विश्वास ठेवणारी बाई नाही. पडद्याच्या कोपऱ्यात चित्रांचा आकडा दिसायची सोय आहे आणि एक चिप बंद ठेवायचीही सोय आहे. लेक परत गेल्यावर मी धाकटीला तोच रस्ता, तीच गाडी पुन्हा पुन्हा पळवायला लावली. एकच चिप चालू असली तर आकडा चाळीसच्या आसपास. दोन्ही चालू केल्या. मला ऐंशी हवे होते. आकडा साठला जाऊन बसला तो हलेचना.

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. "ताई," ती म्हणाली, "दीड."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि भात टाकायला गेले.

पण सोडून देणं माझ्या स्वभावात नाही, हे तू जाणतेस. मी दुसरे गेम लावून पाहिले. जंगलातल्या लढाईच्या गेममध्ये आकडा जवळजवळ दुप्पट झाला. एका जुन्या गेममध्ये दुसरी चिप नुसती बसून होती, कारण दोघींत काम कसं वाटायचं हे त्या गेमपुरतं कोणी शिकवूनच ठेवलं नव्हतं. दसऱ्याला ट्रकचा मोठा हार आला की तो एकीच्याच मांडीवर मावायचा आणि दुसरी पानं निवडत बसायची, तसं. कार्डाची मेमरीही नावालाच दुप्पट. दोघींनाही सगळी चित्रसामग्री आपापल्याजवळ वेगळी लागते, जशी आम्हाला दोन पाट्या लागायच्या आणि दोन्हीत तोच झेंडू, तीच आंब्याची पानं. आणि आकडा चांगला असूनही कधी कधी गाडी हिसके खात जायची. ते मला लगेच कळलं. धाकटीचं आणि माझं तोरण एकदमच पुरं व्हायचं, दोन गिऱ्हाइकं जायची, आणि मग बाकीचे हात पसरून उभे. तासाभराचा हिशेब बरोबर, पण उभ्या माणसाला धक्के.

एवढं सगळं जुळलं तरी दीड ते दीडच. शेवटी मी भाचीला फोन लावला आणि खोक्यावर खोटं छापणाऱ्यांचा उद्धार सुरू केला.

"मावशी, चिप्सना कशाला बोल लावतेस?" ती म्हणाली. "दोघी एकाच साच्यातल्या. कमी कोणीच नाही."

"मग राहिलेली अर्धी गेली कुठं?"

"अगं, त्यांना काम कोण देतं? मेन प्रोसेसर. कुठली गाडी कुठं आहे, कुठं वळते आहे, ते तो ठरवून देणार, मग ह्या चित्र काढणार. आपला प्रोसेसर जुना आहे. ह्या शर्यतीत त्याला दीड जणीपुरतंच काम देता येतं. उरलेला वेळ दोघी वाट बघत बसतात."

मी फोनवर ऐकलेलं धाकटीला सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. "दोरा," ती म्हणाली.

"काय दोरा?"

"दोरा आई कापायची ना. सुईत ओवून आईच द्यायची. आपल्याला हात लावू द्यायची नाही, म्हणायची, तुम्ही वाया घालवता. ताई, आपण त्या दिवशी गप्पा कधी मारत होतो? दोऱ्याची वाट बघताना. आईच्या हातातनं सुई दोनदा पडली. मी उचलून दिली तर माझ्यावरच खेकसली."

मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. त्याच दिवाळीनंतर तू भाकरी थापायचं तिच्याकडे दिलंस. 'तुला सवय पाहिजे' म्हणालीस. चाळिशी उलटलेल्या बाईला भाकरीची सवय! डॉक्टरांनी तुझ्या बोटांची सुजलेली पेरं दाबून पाहिली ती थंडीत, आणि 'हे कधीपासून' विचारल्यावर तू 'परवापासून' म्हणालीस. आणि पुढच्या दसऱ्याला तू दोऱ्याचे कापलेले जुडगेच्या जुडगे आणि ओवलेल्या सुया घेऊन बसलीस. घटस्थापनेपासून घरी बसून सावकाश कापले होतेस. आम्हाला सांगितलंस, "तुमची सोय केली." त्या दिवशी आपला माल दुपारी बारालाच संपला. मला स्पष्ट आठवतं, कारण तू रिकाम्या पाट्या झटकत उभी होतीस आणि मी वाट पाहत होते, आता तू दोन म्हणशील. तू म्हणालीस, "चला, चहा घ्या."

गणपतीत भाची आली तेव्हा तिनं नवा प्रोसेसर बसवला. कार्ड तेच, चिप्स त्याच, रस्ता तोच. आकडा पंचाहत्तरवर गेला. पुरते दोन नव्हेत, आणि ती म्हणते पुरते दोन कधी होतही नाहीत, थोडं देण्याघेण्यात जातंच. तेवढं मी सोडून देते. धाकटीनं त्या आनंदात गाडी सरळ नदीत घातली.

तेव्हा आई, अर्धी मी नव्हते. धाकटीही नव्हती. अडलं होतं तुझ्यापाशी, आणि भर बाजारात खापर फोडलंस आमच्या डोक्यावर. हात दुखतात एवढंच म्हणाली असतीस तर एकीनं दोरा कापला असता, दुसरीनं ओवला असता. गिऱ्हाइकांना काय, ते तसेही हसलेच असते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. ते मी कार्डाच्या रिकाम्या खोक्यात, 'डबल पॉवर'च्या खाली ठेवणार आहे. कबूल करते, रागानं लिहायला बसले होते आणि तो राग बाराच्या चहापर्यंतच पुरला. पण तक्रार मागे घेतलेली नाही. यंदा सोसायटीच्या दाराची तोरणं आम्ही दोघी करणार आहोत. दोरा मी कापते आहे. तुझं उत्तर लेखी हवं, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सव्वासातच्या आत, आणि त्यात 'दोन' हा शब्द असावा. बोटं दुखत असतील तर अक्षर वाकडं आलेलं चालेल.