चौथीच्या वर्गात सर्व धर्मांचं पाणी

चिकलठाणा, औरंगाबाद
एप्रिल २०१६

ती. नानासाहेबमामांना नीरजाचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडं सगळं खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं मानू नका.

आमच्या मोठ्या मॅडमनी यंदा चौथीच्या इतिहासात जगातले धर्म शिकवायचं काढलं. (नेमलेलं पुस्तक फेब्रुवारीतच संपलं होतं.) एवढ्याशा पोरांना धर्म म्हणून काय सांगायचं? मी म्हटलं, पाणी सगळ्याच धर्मांत पवित्र, आणि यंदाच्या दुष्काळात तर ते कुणालाही पटेल. घरात असेल ते आणा, असं पोरांना सांगितलं. श्रीरंगनं काशीची गंगा आणली, सीलबंद गडवीत. सादियानं आजीनं हजहून आणलेलं जमजम आणलं, एकीनं चर्चमधलं. सगळं टेबलावर मांडून मी फार सुंदर बोलले. हे पाणी तहानेसाठी नसतं, श्रद्धेसाठी असतं, असंही बोलले. बोलताना माझाच घसा कोरडा पडला होता, कारण शाळेची टाकी सकाळपासून खडखडीत. यायचा टँकर वाटेतच एका नव्या टॉवरच्या स्लॅबवर पाणी मारायला वळला होता. (टॉवरचं नाव जलविहार. मी पदरचं काही सांगत नाही.)

मधल्या सुटीत टँकरवाल्याशी फोनवर भांडून परत आले, तर अख्खा वर्ग रांगेत उभा. पुढं मोनिका. शाळेमागं पत्र्याच्या शेडात राहणाऱ्या बांधकाम मजुरांची ही पोरगी, मोफत जागेवर शिकणारी. बाटलीच्या झाकणानं सगळ्यांना पाजत होती. आधी गंगा, मग जमजम, मग चर्चचं.

"बाई, गंगेला गडवीचा वास येतोय," ती म्हणाली. "जमजम लई भारी हाय. तुमच्यासाठी ठिवलंय झाकणभर."

मी ते प्यायले, मामा.

दुपारी पालक आले. आमच्या लेकराला त्यांचं पाणी पाजलं, असं प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवून ओरडत होता. थोड्या वेळानं सगळी बोटं माझ्याकडं वळली. इतके धर्म एकदिलानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकले. (धडा तसा यशस्वी म्हणायचा.) सादियाची आजी तेवढी ओरडली नाही. कोपऱ्यात बसून रडत होती. ते पाणी तिनं आपल्या शेवटच्या घोटासाठी जपलं होतं. यावर मला विनोद सुचत नाही.

मॅडमनी विचारलं, "बाटल्या कुणी उघडल्या?" मोनिकाचं नाव घेतलं असतं तर तिला लगेच दप्तर उचलायला लावलं असतं. ती दारातच उभी होती, तोंड पांढरं पडलेलं.

"मीच पाजलं," मी म्हटलं.

"मग उद्यापासून येऊ नका."

बरं म्हटलं आणि घरी आले.

पत्र लांबलं. मामींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
नीरजा

ता. क. सोयगावच्या शाळेत तुमच्या ओळखीनं जागा मिळेल का? गणित शिकवीन, शिवण शिकवीन, कवायतही घेईन. इतिहास नको.

आणखी एक ता. क. दुष्काळापायी सरकारनं बांधकामांचं पाणी तोडलं, साइट बंद पडली, मोनिकाचे आईबाप काल पुण्याकडं निघाले. म्हणजे मी वाचवलेली तिची शाळा आठवडाभर टिकली. टेम्पोत बसताना तिनं विचारलं, "बाई, तिथल्या शाळंत पाणी असतं का?"

मी व्हय म्हणाले.